मनाची कीर्द: मोबाइलवर रोजनिशी कशी आखावी

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. दुकान बंद व्हायच्या आधी त्या दिवसाची कीर्द पुरी करायची आणि रोकड जुळल्याशिवाय गादीवरून उठायचं नाही, हा त्यांचा नेम. कीर्दीत व्यवहार घडला तसा आणि घडला त्या क्रमाने लिहायचा. कुणाच्या नावावर किती आणि कशापोटी किती, ते नंतर सवडीने खतावणीत उतरवायचं.

मनाची नोंद ठेवायला लागल्यावर पहिली २ वर्षं मी नेमकी इथेच चुकत होते. रात्री लिहायचे, 'आज कामाचा फार ताण.' हा ताण कामाचाच होता की आदल्या रात्री झोप न झाल्याचा, हे त्या क्षणी मला कसं कळणार? मी कीर्द लिहायला बसून थेट खतावणी लिहीत होते. डिजिटल रोजनिशी नव्याने सुरू करणाऱ्याला मी पहिलं हेच सांगते, की घडलं ते आज लिहा आणि त्याचा अर्थ महिन्याभराने लावा. पुढची सगळी आखणी या एका गोष्टीवर उभी आहे.

कागदाऐवजी मोबाइल का, याचं माझं कारण पुराचं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आमचं घर तेव्हा गावभागात होतं. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं, तर खालच्या कप्प्यातल्या १४ वर्षांच्या वह्या फुगून विटेसारख्या घट्ट झाल्या होत्या. सुरीने पानं सोडवायला बसले. बॉलपेनने लिहिलेलं कुठे कुठे वाचता येत होतं. शाईच्या पेनाने लिहिलेल्या पानांवर नुसते निळे ओघळ उरले होते. त्यांत माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणातलं वर्ष होतं.

आधी एक प्रश्न ठरवा

मिरजेला शिकणारी माझी भाची एका रविवारी आली आणि तिने फोन पुढे केला. कुठूनसा नोशन या नोंदींच्या ॲपचा तयार साचा उतरवून घेतलेला, त्यात २६ रकाने: पाणी किती प्यायलं, पावलं किती, कृतज्ञतेच्या ३ गोष्टी, वाचलेली पानं, त्वचेची काळजी. ९ दिवस भरलेले, पुढे सगळं रिकामं.

"मावशी, मला जमतच नाही गं हे."

"तू कशासाठी लिहितेस ते सांग आधी."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सुट्टीवरून हॉस्टेलला गेले की ३-४ दिवस मला जेवणच जात नाही. ते का होतं, एवढंच बघायचंय."

"मग तेवढ्यापुरतेच रकाने ठेव की."

तिने ५ ठेवले आणि आजही ती भरते आहे. तुमचाही एकच प्रश्न असू द्या: डोकं कोणत्या दिवशी दुखतं, पाळीच्या आधी मन किती दिवस आधीपासून खाली जातं, नोकरी बदलल्यापासून संध्याकाळी काय होतं. जो रकाना त्या प्रश्नाकडे नेत नाही तो गाळा. कंटाळून, पाय दुखत असताना, डोळे मिटत असताना २ मिनिटांत जेवढं भरता येईल तेवढंच ठेवायचं. बऱ्या दिवशी कोणीही २६ रकाने भरेल. आपल्याला माहिती हवी असते ती वाईट दिवसांची, आणि त्याच दिवशी लांबलचक फॉर्म राहून जातो.

कुठे लिहायचं

सगळ्यांत सोपं म्हणजे डेलिओसारखं तयार ॲप. चेहरा निवडा, दिवसभरात काय केलं त्या चित्रांवर बोट ठेवा, झालं. लिहायचा आळस असलेल्यांनी इथूनच सुरुवात करावी. ज्यांना खूप लिहायचं असतं त्यांच्यासाठी ऑब्सिडियन चांगलं. त्यात प्रत्येक दिवसाची साध्या मजकुराची एक फाइल आपल्याच फोनमध्ये राहते आणि उद्या ते ॲप बंद पडलं तरी फाइल कुठेही उघडते. कोणतंही ॲप घेण्याआधी एक गोष्ट मात्र तपासा. आपली सगळी नोंद एका फाइलमध्ये बाहेर काढता येते का? सेटिंग्जमध्ये 'एक्सपोर्ट' सापडत नसेल तर त्या ॲपमध्ये वर्षं घालवू नका.

मी स्वतः गूगल फॉर्म आणि त्यामागे गूगल शीट वापरते. फुकट आहे, मराठीत चालतं, आणि पुढे खतावणी घालायला शीटसारखं दुसरं साधन नाही. खालची आखणी तीच गृहीत धरून सांगते.

अंक: आयर्विनची पट्टी

सांगलीत पावसाळ्यात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती फूट?" १९२९ पासून उभ्या असलेल्या या पुलाजवळची पट्टी म्हणजे सगळ्या गावाची एक मोजणी. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. पट्टीचा उपयोग होतो तो प्रत्येक फुटाला गावात अर्थ आहे म्हणून. अमुक फुटाला कोणत्या गल्लीत पाणी शिरतं हे लोकांना पाठ असतं.

मनाच्या अंकालाही असा अर्थ आधी ठरवून द्यावा लागतो. १ ते ५ पुरे. १ ते १० मध्ये ६ आणि ७ यांत फरक काय, यावरच रात्र जाते. प्रत्येक अंकापुढे आपल्या जगण्यातली एक खूण लिहा. माझी पट्टी अशी आहे:

१: अंथरुणातून उठवत नाही, फोन आला तरी घेत नाही.
२: कामं होतात, पण कुणी काही विचारलं तर अंगावर येतं.
३: नेहमीसारखा दिवस.
४: स्वयंपाक करताना आपोआप गुणगुणणं होतं.
५: रात्री कुणाला तरी फोन करून सांगावंसं वाटतं.

ही पट्टी फॉर्मच्या वरच लिहून ठेवा. 'वाईट', 'बरं', 'छान' असली नावं दर महिन्याला आपल्या नकळत सरकतात. गुणगुणणं झालं की नाही, ते सरकत नाही.

आता एक अडचण. उदास होऊन पडून राहणं आणि धास्तीने येरझाऱ्या घालणं, दोन्ही २ च. पण दोन्हींचे उपाय वेगळे. मानसशास्त्रज्ञ जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये भावनांची मांडणी दोन अक्षांवर केली: एक सुखद ते अप्रिय, दुसरा शांत ते उत्तेजित. म्हणून दुसरा अंक ठेवा, अंगातल्या जोराचा, तोही १ ते ५. मन २ आणि जोर १ म्हणजे मरगळ; मन २ आणि जोर ५ म्हणजे घालमेल.

शब्द

अंकाशेजारी एक शब्द हवा, आणि इथे आपल्या भाषेचा मला फार आधार वाटतो. तयार ॲपमध्ये पाच-सात चेहरे असतात. मराठीत हुरहूर वेगळी, रुखरुख वेगळी. हुरहूर लागते ती जे जवळ नाही त्याची, रुखरुख राहते ती करायचं राहून गेलं त्याची. उबग येतो तो तेच तेच सोसून. कंटाळा नुसता रिकामपणानेही येतो. धास्ती पुढच्याची, पस्तावा मागच्याचा. हुरूप, निवांतपणा, समाधान, उत्साह हेही एक नव्हेत. नेमका शब्द शोधताना आपण त्या भावनेकडे जरा बाजूला सरून बघतो आणि तेवढ्यानेही कधी कधी घालमेल कमी होते, हा माझा अनुभव आहे.

तुमचे १२ शब्द निवडा, त्याहून जास्त नको. ते दर वेळी हाताने लिहू नका. एकदा 'चिडचिड' आणि एकदा 'चिडचीड' लिहिलंत तर शीट त्यांना दोन वेगळ्या भावना समजते. फॉर्ममध्ये 'मल्टिपल चॉइस' प्रकार घ्या आणि दिवसाचा मुख्य शब्द एकच निवडा. 'चेकबॉक्सेस' घेतलं तर निवडलेले सगळे शब्द स्वल्पविराम देऊन एकाच घरात जाऊन बसतात, आणि मग 'धास्ती' आणि 'धास्ती, उबग' यांची मोजणी वेगवेगळी होते. माझा एक पूर्ण महिना यात गेला.

फॉर्म बांधायचा

अर्ध्या तासाचं काम आहे. गूगल फॉर्म्समध्ये नवीन फॉर्म उघडा आणि एवढे प्रश्न घाला: कोणत्या दिवसाची नोंद (तारीख), मनाचा अंक, जोराचा अंक, मुख्य शब्द, काल रात्रीची झोप, तुमच्या प्रश्नाचा एक रकाना, आणि शेवटी एक ओळ. दोन्ही अंकांना 'लिनिअर स्केल' प्रकार द्या. झोपेला पर्याय द्या: ५ तासांहून कमी, ५ ते ६, ६ ते ७, ७ हून जास्त. मोकळी जागा दिलीत तर कधी 'साडेपाच' लिहाल, कधी '५.३०', आणि पुढे दोन्हींची मोजदाद होणार नाही.

नोंदीची वेळ फॉर्म आपोआप टिपतो. तरीही तारखेचा प्रश्न वेगळा हवा, कारण रात्री साडेबाराला भरलेली नोंद दुसऱ्या दिवशीची होऊन बसते. 'झोपेपर्यंतचा तो आजचा दिवस' असा माझा नियम आहे.

झोपेचा प्रश्न 'काल रात्रीची' असाच विचारायचा. कोयनेतून विसर्ग वाढवला की पाणी लगेच सांगलीत येत नाही. कऱ्हाडच्या संगमावरून खाली यायला त्याला वेळ लागतो. झोपेचंही तसंच: गेल्या रात्रीची झोप आजच्या मनात उतरते. दोन्ही गोष्टी एकाच ओळीत आल्या तरच पुढे त्यांची तुलना करता येईल.

मग 'रिस्पॉन्सेस' मध्ये जाऊन 'लिंक टू शीट्स' दाबा. शीट उघडल्यावर फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये 'लोकेल' भारत करून घ्या, नाहीतर तारखा अमेरिकन पद्धतीने, महिना आधी असलेल्या दिसू शकतात आणि ३ ऑगस्टचा ८ मार्च होतो. शेवटी फोनच्या क्रोममध्ये फॉर्म उघडा, तीन ठिपक्यांच्या मेनूतून 'ॲड टू होम स्क्रीन' करा. रोज एकाच बोटाने उघडला पाहिजे. वीज नाही किंवा रेंज नाही अशा रात्री गूगल कीपमध्ये दोन ओळी टाका; ते नेटशिवायही चालतं. सकाळी फॉर्म भरा.

एक ओळ कशी लिहायची

'आज फार कंटाळवाणा दिवस गेला' ही ओळ सहा महिन्यांनी वाचली तर काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी परवाची माझी ओळ बघा: 'दुपारी ४, हळदीचे सौदे संपले, हिशेबाची पट्टी लिहिताना शेजारच्या दुकानातला रेडिओ ऐकू आला आणि आईची आठवण आली, डोळे भरले, पण बरं वाटलं.' वेळ, जागा, कानावर पडलेलं काहीतरी, आणि त्यानंतर झालेलं. निष्कर्ष नाही, निवाडाही नाही. 'मी फार हळवी आहे' असं लिहिलं असतं तर तो कीर्दीतला व्यवहार राहिला नसता.

टाइप करणं जिवावर येत असेल तर जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, मराठी जोडा आणि माइकचं चिन्ह दाबून बोला. चार चुका राहिल्या तरी राहू द्या, ही नोंद कुणी तपासणार नाही.

मनात मोठं काही साचलं असेल तर ते या ओळीत कोंबू नका. त्यासाठी वेगळी जागा ठेवा. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ सालच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशदायक प्रसंगांबद्दल लिहिलं होतं. प्रसंग आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांचं मन लिहून झाल्यावर लगेच जास्त जड झालं होतं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. म्हणून असं लिखाण झोपायच्या तोंडावर नको, आणि रोज तर नकोच. सुट्टीच्या सकाळी करा, वेळ ठरवून करा, आणि उठल्यावर चहाला कुणीतरी सोबत असू द्या. त्याच त्या गोष्टीभोवती गरगर फिरणं होत असेल तर थांबा.

केव्हा भरायचं

नोंद एखाद्या ठरलेल्या कामाला बांधा. माझी रात्रीची भांडी झाली की ओट्याशी उभ्या उभ्या भरून होते. गजर लावला तर आठवड्याभरात आपण तो बंद करायला शिकतो; भांडी काही चुकत नाहीत.

फक्त रात्रीच भरलं तर एक खोट राहते. संध्याकाळी घरात वाजलं की सकाळही वाईट गेल्यासारखी आठवते. जमेल त्यांनी दुपारी नुसता अंक टाकावा, २० सेकंदांचं काम.

दिवस चुकला तर आदल्या दिवसापर्यंतचाच भरा, त्यामागचं कोरं सोडा. आठवून आठवून भरलेला आठवडा ही खोटी कीर्द आहे. आणि कोऱ्या घरात शून्य घालू नका. कोरं घर सरासरीत धरलं जात नाही, शून्य मात्र सगळी सरासरी खाली ओढतं.

महिन्याने खतावणी

पहिले ३० दिवस काहीही शोधू नका. मग एखाद्या रविवारी शीट संगणकावर उघडा. सगळा तक्ता निवडून इन्सर्ट मेनूतून पिव्होट टेबल, म्हणजे नोंदी गटागटाने मोजून देणारा तक्ता, घ्या. ओळींच्या ('रोज') जागी झोप, 'व्हॅल्यूज'च्या जागी मनाचा अंक दोनदा: एकदा ॲव्हरेज, एकदा काउंट. आता प्रत्येक झोपेपुढे सरासरी मन आणि तसे दिवस किती, दोन्ही दिसतील. दिवसांची संख्या बघितल्याशिवाय सरासरीवर विश्वास ठेवू नका. ३ दिवसांच्या सरासरीवरून काहीही ठरत नाही. निदान १० तरी हवेत.

माझी समजूत होती की हळदीचा हंगाम आला की गर्दीमुळे माझी चिडचिड वाढते. मीही आता मार्केट यार्डातच एका पेढीचे हिशेब बघते, आणि फेब्रुवारीपासून मान वर करायला फुरसत नसते. एका हंगामातल्या ६१ नोंदी मी दुपारच्या जेवणाच्या वेळेप्रमाणे लावल्या. ३ च्या आत जेवले असे ३८ दिवस, मनाची सरासरी ३.६. त्यानंतर जेवले असे २३ दिवस, सरासरी २.४. पण जेवण लांबतं तेच मुळी गर्दी असली की, मग दोष गर्दीचा की उपाशी पोटाचा? ते तक्ता सांगू शकत नाही, करून बघावं लागतं. पुढचे ३ आठवडे मी दीडला डबा उघडायचाच असं ठरवलं, मालाची गाडी उतरत असली तरी. १८ कामाच्या दिवसांपैकी १५ दिवस जमलं. गर्दी तेवढीच होती, आणि त्या १५ दिवसांत 'चिडचिड' हा शब्द मी फक्त दोनदा निवडला. घरच्यांना मी काही सांगितलं नव्हतं, तिसऱ्या आठवड्यात सासूबाईंनीच विचारलं, "हंगाम संपला काय गं?"

तक्त्यातून जे दिसेल त्यावर असा एकच बदल करून बघा. एकदम तीन बदल केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

इशारा आणि धोका

पुरात नुसते फूट विचारून भागत नाही. पुढचा प्रश्न असतो, वाढतंय की उतरतंय? आपल्या शीटमध्येही एका दिवसाचा १ फारसा घाबरवणारा नाही. ३, ३, २, २, २, १ ही उतरंड आहे. म्हणून बऱ्या दिवशीच, डोकं शांत असताना, आपली इशारा पातळी आणि धोका पातळी ठरवून शीटच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि त्या त्या वेळी काय करायचं तेही. माझ्याकडे सलग ४ दिवस २ किंवा खाली गेलं की इशारा: बहिणीला फोन, संध्याकाळी कृष्णाकाठी चालणं, नवीन काम अंगावर न घेणं. सलग २ आठवडे तसंच राहिलं, झोप-जेवण बिघडलं, आवडतं कामही नकोसं झालं, तर डॉक्टर. नैराश्याच्या तपासणीत नेहमी वापरली जाणारी ९ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावलीही मागच्या २ आठवड्यांबद्दलच विचारते. डॉक्टरांकडे जाताना शीट सोबत न्या. 'कधीपासून?' या प्रश्नाला बहुतेकांजवळ नेमकं उत्तर नसतं. तुमच्याजवळ तारीख असेल.

जगणं नको वाटतंय असं मनात आलं तर ते फॉर्ममध्ये भरून झोपू नका. त्याच रात्री घरातल्या कुणाला तरी उठवा, किंवा १४४१६ लावा. केंद्र सरकारची ही टेली मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास आणि मोफत, आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर फॉर्मच्या वरच लिहून ठेवा.

कुलूप आणि दुसरी प्रत

आपल्याकडे फोन एकाचा नसतो. मुलं खेळायला घेतात, कुणी फोटो बघायला घेतं. रोजनिशीसाठी वेगळं गूगल खातं काढा, त्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खात्री, लावा, आणि शीटच्या 'शेअर' मध्ये तुमच्याशिवाय कुणाचं नाव नाही ना ते बघून घ्या. नोंदीत माणसांची पूर्ण नावं लिहू नका, आद्याक्षर पुरतं. कुणी वाचेल ही धास्ती असेल तर हात खरं लिहीत नाही.

दर महिन्याच्या १ तारखेला शीट एक्सेल फाइल म्हणून उतरवून घ्या. फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घाला, म्हणजे फोल्डरमध्ये त्या आपोआप ओळीने लागतात. एक प्रत गूगलवर, एक घरच्या संगणकात, आणि एक पेनड्राइव्हवर घराबाहेर. माझा पेनड्राइव्ह विट्याला बहिणीच्या कपाटात आहे, वरच्या कप्प्यात. दिवाळीला गेले की तो उघडून फाइल चालते का ते बघते, वर्षभराच्या नव्या फाइली त्यात भरते, आणि परत तिथेच ठेवते.